पडायला शिकवणारा

मंडईच्या वळणावर ट्रामनं एकदम ब्रेक मारला आणि मागच्या उघड्या पायरीवर एका हातानं दांडी धरून उभा असलेला कायेतान मोरोझ बाहेर फेकला गेला. कोणाची तरी हातगाडी मध्ये आली होती, हे त्याला नंतर कळलं. त्याला आठवत होतं ते इतकंच, की दांडी हातातून निसटली आणि खालचे काळे, दवानं ओले झालेले दगड त्याच्याकडे वर आले. मग त्याचं शरीर त्याला न विचारताच काहीतरी करून मोकळं झालं. पाय एकमेकांना चिकटले, गुडघे चिकटून किंचित वाकले, हनुवटी छातीत शिरली, कोपरं आत आली. पोटरी, मांडी, कुल्ला, पाठीची तिरकी बाजू, खांदा असा तो दगडांवरून पिंपासारखा गडगडत गेला आणि पलीकडे उभा राहिला. टोपी तेवढी गटाराशी जाऊन पडली. पण सगळ्यात नवल त्याला वाटलं ते यानंतर त्यानं जे केलं त्याचं. त्यानं दोन्ही हात छातीशी नेले आणि पट्ट्यांची कडी फिरवायला लागला. कडी नव्हती. कोटाची बटणं होती. घरदुरुस्ती सहकारी संस्थेत खिडक्यांना काचा बसवणारा, केस विरळ झालेला, चव्वेचाळीस वर्षांचा माणूस भर सकाळी व्रोत्सवाफच्या रस्त्यात उभा राहून स्वतःच्या बटणांशी झटापट करत होता.

लोक जमले. ट्रामची कंडक्टर बाई खाली उतरून त्याचे हातपाय चाचपून पाहत होती आणि मोडलं कसं नाही म्हणून त्याच्यावरच चिडत होती. त्यानं हत्यारांची पिशवी उचलली, काच कापायचा हिरा आहे ना ते पाहिलं, टोपी झटकली. तेवढ्यात समोरच्या फुटपाथवरून एक जाड, लालबुंद गालांची बाई जवळ आली. तिच्या दोन्ही दंडांना धरून दोन आंधळे पुरुष चालत होते आणि तिघांच्याही पाठीवर नव्या ब्रशांच्या जुड्या बांधलेल्या होत्या.

"अहो," ती बाई म्हणाली, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

काय शिकवलं, असं तो म्हणाला.

"हे पडणं. आमचे मास्तर अगदी अस्संच शिकवतात. गुडघे चिकटवा, हनुवटी आत घ्या. दर गुरुवारी ब्रशच्या कारखान्यात आमच्या लोकांना पाडतात ते. हिपोलित मास्तर. स्रोका."

तिच्या डावीकडचा आंधळा मान तिरकी करून उभा होता. तो म्हणाला, "नीट पडले हे. ऐकलं मी. एक धप्प नव्हतं, चार-पाच बारीक बारीक आले."

कायेतान म्हणाला की त्याला कोणी काही शिकवलेलं नाही, पाय घसरला आणि नशीब चांगलं म्हणून वाचला. ट्राम त्याच्यासाठी थांबून होती, तरी तो चालतच निघाला. गर्दीकडे त्यानं वळून पाहिलं नाही.

ओद्रा नदीच्या काठाकाठानं ग्रंथालयाकडे जाताना त्याच्या डोक्यात पडणं नव्हतं, नाव होतं. स्रोका. दुसऱ्याच्या तोंडून हे नाव त्यानं सात वर्षांत ऐकलं नव्हतं. आणि ज्या शहरात तो सोळा वर्षं राहत होता, ज्याच्या निम्म्या खिडक्या त्यानं स्वतःच्या हातानं बसवल्या होत्या, त्याच शहरात हे नाव दर गुरुवारी कोणी मोठ्यानं हाका मारून घेत होतं. कारखाना त्याला माहीत होता. त्याच्या अंगणातल्या जिन्याच्या काचा त्यानंच दोन वर्षांपूर्वी घातल्या होत्या. त्या दिवशी गुरुवार नव्हता, एवढंच.

ग्रंथालयाच्या वाचनगृहात दोन उंच तावदानं फुटली होती. तिथल्या बाईनं त्याला शिडी दाखवली आणि ती आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. जुनी पुट्टी खरवडताना जवसाच्या तेलाचा ओळखीचा वास आला आणि त्याला थोडं बरं वाटलं. कायेतान हा मुळात कृतज्ञ स्वभावाचा माणूस होता. हे त्याच्या बायकोला, ब्रोनकालाही ठाऊक नव्हतं, कारण तो ते बोलून दाखवत नसे. रोज सकाळी पावाचा पहिला तुकडा मोडताना तो मनात काही माणसांचे आभार मानायचा, ठरलेल्या क्रमानं. रशियनांनी त्याच्या सगळ्या कुटुंबाला कोलोमियाहून उचलून कझाकस्तानात नेऊन टाकलं, तिथल्या पहिल्या हिवाळ्यात ज्या म्हाताऱ्यानं त्यांना घोडीच्या दुधाची कातडी पिशवी आणून दिली तो. तिथून सैन्यात भरती होऊन इराणच्या किनाऱ्यावर उतरल्यावर ज्या बाईनं पदराखालून उकडलेली दोन अंडी काढून त्याच्या हातात कोंबली ती. स्कॉटलंडमधल्या मासेमारांच्या गावातली घरमालकीण, जी त्याच्या ओल्या मोज्यांत वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवायची. मग हॉलंडमधली ती शेतकरीण. क्रमात घरमालकीण आणि शेतकरीण यांच्यामध्ये एक जागा रिकामी होती. जिन्याची एक पायरी मोडलेली असावी आणि घरातल्या माणसांनी सवयीनं ती ओलांडून जावं, तसा तो रोज तेवढी जागा ओलांडायचा. आज त्या मोडक्या पायरीवरच त्याचा पाय पडला होता.

कॉर्पोरल हिपोलित स्रोका हा मूळचा टार्नूफचा धुराडी साफ करणारा. बुटका, पाय किंचित फेंगडे, आवाज मात्र दगडावर पत्रा घासावा तसा. तीन वेळा तीन वेगळ्या छपरांवरून पडून तो जिवंत राहिला होता, आणि हवाई छत्र्यांनी उतरणाऱ्या पोलिश ब्रिगेडमध्ये त्याला शिकवायला ठेवलं ते एवढ्याच लायकीवर. धुराडीवाला समोर दिसला की पोलिश माणूस शकुन म्हणून स्वतःचं बटण पकडतो. तेव्हा स्रोका फाटकातून आत आला की अख्खी पलटण सावधानच्या पवित्र्यात उभी राहून हळूच बटणं चाचपायची. त्याला ते दिसायचं. स्कॉटलंडमधल्या समुद्राकाठच्या त्या जुन्या हवेलीच्या बागेत ओकच्या झाडांना दोर, झोपाळे, लाकडी मचाणं टांगली होती आणि त्या जागेला पोरं माकडांचं रान म्हणत. छत्रीनं खाली येणं कोणालाही जमतं, स्रोका म्हणायचा, छत्रीला ते शिकवलेलं असतं. जमिनीला मात्र तुमच्याबद्दल कोणी काही सांगितलेलं नसतं. मग तो मचाणावरून ढकलायचा. कायेतान पडायचा. स्रोका त्याच्याकडे वाकून पाहायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, की मोरोझ, तू कपाटासारखा पडतोस, आणि कपाटाला निदान दारं तरी असतात.

एवढ्यावरून कोणी कोणाचा द्वेष करत नाही. कायेताननं केला तो फेब्रुवारीतल्या त्या एका दिवसासाठी. सकाळी त्याला कझाकस्तानातून, पाच देश फिरून, आईचं पत्र आलं होतं. वडील आदल्या वसंतातच गेले होते. पत्र खिशात घालून तो मैदानावर गेला, कोणाला काही बोलला नाही, आणि त्या दिवशी स्रोकानं बाकी सगळ्यांना सोडून त्यालाच धरलं. चिखलात, पावसात, सकाळपासून दुपारपर्यंत. पुन्हा. पुन्हा. चाळिसाव्या वेळेनंतर कायेताननं मोजणं सोडलं. त्याला वाटत होतं आपण या माणसाचा गळा धरणार. धरायला हात वर होईनात एवढा तो थकला होता. रात्रीच्या जेवणाआधीच तो झोपला, आणि ती झोप दगडासारखी होती. वर स्रोकानं त्याला पहिल्या तुकडीतून काढून तीन आठवडे मागे ठेवलं. आज शिडीवर उभं राहून काचेच्या कडेला पुट्टी दाबताना त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं, की पत्रं कचेरीत यायची आणि कचेरीच्या टेबलाशी सकाळी स्रोका बसायचा. त्यानं पाकीट ओळखलं असेल का? दुखवट्याच्या काळ्या रेघेचं नव्हतं ते. तसलं पाकीट तिकडे मिळतंय कुठं. अंगठा जागच्या जागी थांबला. ओळखलं असेल किंवा नसेल. पण त्या दिवशी त्याला मोकळं सोडलं असतं तर तो कुठं गेला असता, हे त्याला पक्कं माहीत होतं. गावाबाहेर कडा होता आणि खाली समुद्र.

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात, धुक्यामुळे दोन दिवस अडकून पडल्यानंतर, ते हॉलंडमधल्या द्रील गावापाशी उतरले. उतरले म्हणजे खालून गोळ्या झाडल्या जात असताना उतरले. छत्रीच्या कापडाला बारीक बारीक भोकं पडताना त्याला दिसत होती. संध्याकाळचं ऊन कलतं होतं, खाली सफरचंदांच्या बागा होत्या, आणि वारा त्याला बागेत न नेता बांधाच्या कडेच्या पाणचरीकडे नेत होता. त्यानं बांधाची कड पाहिली आणि आता पाय मोडणार हे त्याला कळलं. मोडला नाही. पोटरी, मांडी, कुल्ला, खांदा, आणि तो चरीत उभा होता. त्याच्या मागून सेवेरिन ओल्शा आला, विमानात त्याच्या शेजारी बसून गाजर खाणारा, आणि त्याच बांधावर त्याच्या दोन्ही नडग्या मोडल्या. त्याला उचलायला जाईपर्यंत गोळी लागून तो गेला होता. दोन दिवसांनी त्यांना अंधारात रबरी होड्यांतून ऱ्हाइनपलीकडे न्यायला लागले, तिकडे अडकलेल्या इंग्रजांना मदत करायला. कायेतानची होडी मधोमध फुटली. सकाळी तो वाहत वाहत पलीकडच्या, जर्मनांच्या ताब्यातल्या काठाला लागला होता. साठीच्या एका शेतकरणीनं त्याला डुकरांच्या खुराड्यावरच्या माळ्यावर सात महिने ठेवलं. एप्रिलमध्ये तिनं त्याला हाताला धरून अंगणात आणलं तेव्हा त्याला उजेडाकडे बघवत नव्हतं. ती तोवर गावात लपवलेल्या तिघांची जेवणं खुराड्यातल्या बादलीतून नेत होती आणि बादली वास मारते म्हणून रोज माफी मागत होती. ब्रिगेडच्या कागदावर तो तेव्हा बुडालेल्यांत होता. पुढे दुरुस्ती झाली, पण तोवर तो जर्मनीत पहाऱ्यावर होता आणि स्कॉटलंडला परत गेलाच नाही. सत्तेचाळीसमध्ये आई या शहरात आल्याचं कळलं, म्हणून तो इकडे आला.

आणि पन्नासच्या एप्रिलमध्ये गुप्त पोलिसांची दोन माणसं त्याला कामावरून घेऊन गेली. खांद्यापर्यंत हिरवा तैलरंग दिलेली खोली. टेबलापलीकडचा अधिकारी खिशातल्या चाकूनं सफरचंदाच्या फोडी करून खात होता आणि नावं विचारत होता. इंग्रजांच्या पगारावर असताना तुला कोणी शिकवलं. घातपात कोणी शिकवला. तीन दिवस कायेतान म्हणत राहिला की आठवत नाही. चौथ्या दिवशी त्याला झोप नव्हती आणि त्याला वाटलं, असं एखादं नाव द्यावं ज्याच्यापर्यंत यांचा हात पोचणार नाही. ओळखीचे पाचजण तिकडे स्कॉटलंडमध्येच स्थायिक झाले होते. स्रोकाबद्दलही ऐकलं होतं, की मासे विकणाऱ्या एका विधवेच्या घरात तो राहतो. पाचांतून कायेताननं स्रोका म्हटलं. काय शिकवलं त्यानं? पडायला शिकवलं, तो म्हणाला. अकरा दिवसांनी त्याला सोडलं. सहा वर्षांनी एका रेल्वे स्टेशनवर ब्रिगेडमधला एक जुना गडी भेटला, तो सहज म्हणाला की बिचारा स्रोका, कशाला परत आला कोण जाणे, पन्नासच्या सुमारास आत टाकला त्याला, चार वर्षं. कायेतानची गाडी आली आणि तो चढला. तेव्हापासून सात वर्षं त्याला टोचत होतं ते चार वर्षांपेक्षाही दुसरंच काहीतरी. ते नाव तोंडातून बाहेर पडलं त्या क्षणी जिभेवर मिठाच्या खड्याएवढं समाधान आलं होतं. पाचजण सारखेच लांब होते. मग तोच का?

वाचनगृहातली बाई कधी खाली येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही. तिनं विचारलं की काच नीट बसत नाहीये का, कारण तो बराच वेळ हात टेकून नुसता उभा होता. बसली आहे, तो म्हणाला. तावदानातून नदी स्वच्छ दिसत होती. त्यानं घड्याळात पाहिलं. अडीच. आणि आज गुरुवार होता. घरी जायचा रस्ता डावीकडे होता; तो उजवीकडे वळला. जाताना तो मनात वाक्यं जुळवत होता आणि प्रत्येक वाक्यात स्वतःसाठी एखादी फट ठेवलेली त्याला सापडत होती. तेव्हा त्यानं वाक्यं जुळवणं सोडून दिलं.

कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये डुकराच्या राठ केसांचा आणि डिंकाचा वास भरला होता. भिंतीला लागून दहा-बारा आंधळे बायका-पुरुष रांगेत उभे होते. मधे गवत भरलेल्या गाद्या अंथरल्या होत्या आणि गुडघाभर उंचीच्या खोक्यावर एक पन्नाशीची बाई स्कर्ट मुठीत धरून उभी होती. तिच्यासमोर पाठमोरा एक बुटका, पांढऱ्या केसांचा माणूस. पाय फेंगडे.

"जमीन आहे तिथंच आहे, फ्रान्सिश्काबाई," तो पत्र्यासारख्या आवाजात म्हणत होता. "ती कुठं जात नाही. तुम्ही तिच्याकडे जायचंय. रागानं नाही, भेटायला गेल्यासारखं."

ती पडली. चार-पाच बारीक आवाज आले. रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. स्रोका वळला आणि त्याला दारात कायेतान दिसला. तो बघत राहिला. इतका वेळ, की रांगेतल्या लोकांना शांतता लागली आणि त्यांनी माना वळवल्या. मग तो म्हणाला, "दहा मिनिटं सुट्टी. मी येईपर्यंत कोणी पडू नका."

केसांच्या पेंढ्या ठेवलेल्या कोठीत दोघं समोरासमोर बसले. स्रोकाचे पुढचे खालचे दात नव्हते. त्यामुळे त्याचं तोंड थोडं म्हातारीसारखं, प्रेमळ दिसत होतं, आणि कायेतानला ते सहन होईना. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी तुमचं नाव दिलं होतं," तो म्हणाला.

"कधी?"

"पन्नास साली. एप्रिलमध्ये. मला वाटलं तुम्ही तिकडेच आहात. पण ते तेवढंच नव्हतं. तिकडे बाकीचेही होते. मला तुमचा राग होता."

"एप्रिल," स्रोका म्हणाला. त्यानं बोटांवर हिशेब केल्यासारखं काहीतरी केलं आणि तो हसायला लागला. हसताना त्याचा खांदा हलत होता. "अरे, मी नोव्हेंबरपासून आत होतो. मासेवाल्या बाईची पत्रं यायची मला. परदेशी तिकिटांची. त्यावर उचलला होता. तुझा जबाब पोचला तेव्हा ते मला कंटाळले होते."

मग त्यानं बाकीचं सांगितलं. कायेतानचा जबाब त्याला वाचून दाखवला होता. स्रोकानं आम्हांला पडायला शिकवलं, एवढंच त्यात होतं, आणि अधिकाऱ्याला काही केल्या ते पटेना. पडणं हा कशाचा सांकेतिक शब्द आहे, हे ते तीन आठवडे विचारत होते. शेवटी स्रोका स्टुलावरून पडून दाखवायला लागला. एकदा, दोनदा, दहादा. पहारेकरीही बघायला यायचा. ते तीन आठवडे तुझ्यामुळे, स्रोका म्हणाला, ते मी नाकारत नाही. ते तुझ्या नावावर. पण चार वर्षं तुझी नाहीत. ती उगाच घेऊ नकोस.

कायेतानला काय वाटलं ते त्याला त्या वेळी कळलं नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी सात वर्षं वाहिलेलं ओझं कोणी काढून घेतल्यावर माणूस क्षणभर झोक जाऊन अडखळतो, तसं झालं. त्यानं पेंढीला हात टेकला. स्रोका आता हसत नव्हता.

"आता माझं ऐक," तो म्हणाला. "मी तुला टाळत होतो ते उगाच नाही. त्यांनी माझ्याकडून नावं मागितली. जानेवारीत. मी तेवीस दिली."

"तेवीस?"

"सगळी मेलेल्यांची. आमच्या डेपोत यादी लावली होती द्रीलनंतर, पुढची दुरुस्ती काही माझ्यापर्यंत आली नाही. मी शिकवलेल्यांतले तेवीस होते तिच्यात. ती मला पाठ होती. रोज वाचायचो ना. म्हटलं, द्या यांना. मेलेल्याला कोण पकडणार. तू सतरावा होतास. ऱ्हाइनमध्ये बुडालेला. त्यांनी शोधलं तर बावीस खरेच मेलेले निघाले, आणि एक इथं खिडक्यांना काचा बसवत होता."

बाहेर शेडमध्ये आंधळी माणसं हलक्या आवाजात बोलत होती. कोणीतरी न राहवून गादीवर पडलं आणि दुसऱ्यानं त्याला दटावलं. कायेतानला हिरव्या खोलीतला पहिला दिवस आठवला. अधिकाऱ्यानं पहिलंच वाक्य तसं का म्हटलं होतं, ते इतकी वर्षं त्याला कळलं नव्हतं. तो म्हणाला होता, की मोरोझ, तू बुडाला होतास ना.

"एके दिवशी अधिकारी आत आला," स्रोका सांगत होता, "आणि ओरडायला लागला, की तू आम्हांला मूर्ख समजतोस काय, तुझा मोरोझ जिवंत आहे, व्रोत्सवाफमध्ये आहे. आणि मारायला लागला. हे दात तेव्हाचे. आणि मी हसत होतो. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. पण कायेतान, पाच वर्षं रोज मी तेवीस मोजत होतो. माझे होते ते सगळे. माझ्या हातातून गेलेले. त्या दिवशी ते बावीस झाले." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आत असताना माझ्याकडे कोणी एवढी चांगली बातमी आणली नाही. दातांच्या बदल्यात काय, मी जबडा दिला असता. मग कोठडीत आल्यावर लक्षात आलं, की तुला त्यांनी आणला असणार, आणि माझ्यामुळेच."

सुटल्यावर तो या शहरात आला होता तो हे खरं आहे का ते बघायला. चौपन्नच्या जूनमध्ये एका रस्त्यावर त्यानं कायेतानला शिडीवर पाहिलं. तोंडात खिळे धरून तो शीळ घालायचा प्रयत्न करत होता. स्रोका पलीकडच्या फुटपाथवर अर्धा तास उभा राहिला. ओलांडायचा धीर झाला नाही, शहर सोडायचंही जमलं नाही. पुन्हा धुराडी साफ करायला लागला. गुडघे गेल्यावर हे काम मिळालं. अशी या शहरात नऊ वर्षं.

"शिडीवर एक पाय लोंबता ठेवून उभा असतोस," तो म्हणाला. "ती पद्धत चूक आहे."

कायेताननं सकाळी ट्राममधून पडल्याचं सांगितलं. स्रोकाला ते ठाऊक होतं; सकाळच्या त्या लालबुंद गालांच्या वालेरियाबाईंनी कारखान्यात आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं होतं. टोपी पडली म्हणे, तो म्हणाला, ते काही बरं नाही. यावर हसायला हवं होतं, पण कायेतानला हसू आलं नाही. सेवेरिन ज्या बांधावर गेला त्याच बांधाबद्दल तो बोलायला लागला. फेब्रुवारीतल्या त्या चिखलाबद्दल त्याला विचारायचं होतं. विचारता विचारता त्यानं ते सोडून दिलं. उत्तर काहीही असतं तरी त्याला आता जे म्हणायचं होतं ते बदललं नसतं.

"तुमचे उपकार आहेत माझ्यावर," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं झाली. मी म्हटलं नव्हतं."

स्रोका उठला. त्यानं एक पेंढी उगाच या जागेवरून त्या जागेवर ठेवली. माझी माणसं खोळंबली आहेत, तो म्हणाला, आणि दाराशी जाऊन पाठमोराच उभा राहिला, डोळे पुसून होईपर्यंत.

संध्याकाळी जेवताना कायेताननं ब्रोनकाला सगळं सांगितलं. त्यांच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. युद्धात तू कुठं होतास याचं उत्तर तो 'बाहेर' एवढंच देत आला होता. ब्रोनका बेकरीत पहाटेच्या पाळीला असायची आणि या वेळी तिचे डोळे मिटायला लागत. आज ती सूप थंड होईपर्यंत ऐकत राहिली. शेतकरणीपाशी आल्यावर तिनं पहिल्यांदा त्याला थांबवलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती म्हणाली, की तिकडे तुझी कोणीतरी बाई आहे. होती की, तो म्हणाला, साठीची होती आणि तिनं मला डुकरांच्या वर ठेवलं होतं. ब्रोनका हसली आणि हसता हसता तिनं टेबलावरचा पाव उगाच कापायला घेतला. मग तिनं विचारलं, दात नाहीत तर तो माणूस मटण खाऊ शकतो का. नाहीतर रविवारी कोंबडीचं सूप करते, शेवया घालून, आणि आलुबुखारचे उंडे. एवढं म्हणून ती उठली. हिरव्या खोलीबद्दल तिनं काहीच विचारलं नाही. भांडी घासताना मात्र मधेच ओल्या हातानं येऊन तिनं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि परत गेली.

रविवारी स्रोका आला तो दुसऱ्याचा वाटावा असा मोठा कोट घालून, हातात शेवंतीची तीन फुलं. ब्रोनकाच्या हाताचं चुंबन घेऊन तो खुर्चीच्या कडेवर बसला. सुरुवातीला संभाषण हवामान आणि कोळशाभोवती फिरत राहिलं. सूप त्यानं दोनदा घेतलं. उंडे आल्यावर, तोंड अजून पुसायचं असताना, ब्रोनका म्हणाली, "कायेतान म्हणतो तुम्हाला अजून पाठ आहेत."

काय, असं स्रोकानं विचारलं नाही. तो म्हणाला की जेवणाच्या टेबलावर ते बरं दिसणार नाही. ब्रोनका म्हणाली की आमच्याकडे पाहुणे फार येत नाहीत, टेबल मोठं आहे.

तेव्हा त्यानं चमचा खाली ठेवला. लेओन पाखूता, तो म्हणाला. टार्नोपोलचा, डाव्या कानानं कमी ऐकायचा. क्लेमेन्स डुडा. बायकोला रोज पत्र लिहायचा, पाठवायला पत्ता नव्हता. सेवेरिन ओल्शा. गाजरं खायचा, कायेतान म्हणाला, आणि स्रोकानं मान हलवली, हो, गाजरं. इग्नात्सी बोरुता, ज्याच्यासारखं शिवणकाम अख्ख्या ब्रिगेडमध्ये कोणाचं नव्हतं. तो एकेक सांगत गेला, घाई न करता, आणि ब्रोनका हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. यातल्या कोणालाही तिनं कधी पाहिलं नव्हतं. तरी प्रत्येक नावाला, दारातून आत येणाऱ्या माणसाशी ओळख करून द्यावी तशी ती किंचित मान लववत होती, बाविसाव्यापर्यंत.